लांबच्या प्रवासात गाडी तापते? सोलापूरच्या उन्हात कारण शोधण्याची आणि दुरुस्तीची पद्धत

गॅरेजचा रस्ता धरण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढा. गाडी तापते ती नेमकी कधी? सावळेश्वरच्या टोलनाक्यावर रांगेत उभी असताना, की मोहोळ ओलांडल्यावर नव्वदच्या वेगानं सलग अर्धा तास गेल्यावर? तुळजापूरच्या घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढताना, की सकाळी सुरू केल्यावर दहा मिनिटांतच? एवढं अचूक सांगता आलं, तर निम्मं निदान घरबसल्या होतं. ते सांगता आलं नाही की आज रेडिएटर, उद्या पंप, परवा थर्मोस्टॅट असे एकेक भाग बदलत राहतात आणि मे महिन्यात तापमानाचा काटा पुन्हा वर जातो.

यामागचं कारण साधं आहे. गाडी उभी किंवा हळू असते तेव्हा रेडिएटरमधून, म्हणजे इंजिनचं गरम पाणी गार करणाऱ्या जाळीतून, हवा ओढायचं काम पंखा करतो. वेग साठ-सत्तरच्या पुढे गेला की समोरून येणारा वारा तेच काम पंख्याशिवाय करतो. म्हणून रांगेत तापणारी आणि हायवेला लागताच शांत होणारी गाडी असेल, तर पंखा, त्याचा रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज आणि वायरिंग बघा. याउलट गावात ठीक चालते आणि हायवेवर तापते, तर पंख्याच्या मागे लागू नका. तिथे इंजिन जास्त उष्णता तयार करतंय आणि ती वाहून नेणारं पाणी कमी पडतंय: कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) कमी आहे, रेडिएटर आतून चोंदलाय, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडतोय किंवा पंप पुरेसं पाणी फिरवत नाही. घाटात तापणाऱ्या गाडीत दोन्ही बाजू तपासाव्या लागतात, कारण तिथे वेग कमी आणि भार जास्त असतो. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते ती गाडी वेगळ्या गटातली: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, आत हवा अडकलीय, कूलंट जवळपास संपलंय किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय.

काट्यावर किती विश्वास ठेवायचा

बऱ्याच गाड्यांतला काटा मुद्दाम आळशी बनवलेला असतो. तापमान दहा-पंधरा अंशांनी इकडेतिकडे झालं तरी तो मध्यावरच राहतो. तो हलताना दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि जास्त तापल्यावर लाल, एवढंच. म्हणून ब्लूटूथवर चालणारा एक साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं यंत्र) घ्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान आकड्यात दाखवतो.

बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजिन तापून स्थिर झाल्यावर आकडा 85 ते 100 अंश सेल्सिअसच्या दरम्यान फिरतो. उभ्या गाडीत पंखा सुरू होण्याआधी तो थोडा वर जाऊन परत खाली येतो, ते बरोबर आहे. 105 ओलांडून खाली यायचं नाव घेत नसेल तर वेग कमी करा आणि एसी बंद करा. 115 च्या पुढे गाडी चालवू नका.

एक सापळा इथेच सांगायला हवा. कूलंट पूर्ण गळून गेलं की सेन्सर पाण्यात बुडालेला राहत नाही आणि काटा अचानक खाली पडतो. ‘थंड झाली’ असं समजून लोक पुढे जातात आणि पाच-सात किलोमीटरांत हेड वाकतं. तापत असलेला काटा कारण नसताना खाली आला, तर ताबडतोब थांबा.

रस्त्यात तापलीच तर

काटा वर जातोय, पण लाल दिवा लागलेला नाही आणि वाफही नाही, अशा वेळी एसी बंद करा, काचा खाली करा आणि हीटरचं बटण पूर्ण गरम बाजूला फिरवून ब्लोअर मोठा ठेवा. बेचाळीस अंशांच्या दुपारी हे जिवावर येतं, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा दुसरा छोटा रेडिएटरच असतो. इंजिनची थोडी उष्णता तो बाहेर काढतो. हीटर पूर्ण उघडूनही हवा गार येत असेल तर ती महत्त्वाची खूण आहे: तिथपर्यंत कूलंट पोचतच नाहीये, म्हणजे ते कमी आहे किंवा पंप फिरवत नाही.

लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ आली, तर गाडी डाव्या बाजूला शक्य तितकी आत घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि इंजिन लगेच बंद करा. माणसं रस्त्यापासून लांब, सावलीत उभी राहू द्या. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे.

यानंतरची पाऊण तासाची वाट बघणं हेच सर्वांत अवघड काम. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे 110-120 अंशांनाही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, त्याच क्षणी त्या पाण्याची वाफ होते आणि ते चेहऱ्यावर, हातावर उडतं. किमान 45 मिनिटं थांबा. मग जाड टॉवेल हातावर घेऊन इंजिन आणि रेडिएटर जोडणारा वरचा होज पाइप दाबून पाहा. तो मऊ लागला तरच टॉवेल झाकणावर टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसकारा संपू द्या आणि नंतरच काढा. तापलेल्या इंजिनवर बाहेरून थंड पाणी ओतू नका, आतही ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड असमान आकसून वाकतं, त्याला तडाही जातो.

थंड झाल्यावर पातळी बघून भरा. जवळ कूलंट नसेल तर पिण्याच्या पाण्याची सीलबंद बाटली चालेल, शेतातल्या बोअरचं पाणी शक्यतो नको. भरलेलं पाणी खालून लगेच गळतंय असं दिसलं तर गाडी ओढूनच न्या.

सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना

आता घरच्या अंगणात, शांतपणे. आधी बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा. ती ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या रेघांच्या मध्ये हवी. पण बाटली भरलेली आहे म्हणजे रेडिएटरही भरलेला आहे असं धरू नका. रेडिएटरवर वेगळं झाकण असेल तर ते उघडून कूलंट अगदी गळ्यापर्यंत आहे का ते पाहा. बाटली भरलेली आणि रेडिएटर खाली, असं असेल तर बहुधा झाकण खराब आहे किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीला चीर आहे.

झाकण हातात घेऊन नीट निरखा. या सगळ्या यंत्रणेतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. तितक्या बारचा दाब ते धरून ठेवतं. खालच्या रबरावर बोट फिरवा. ते कडक झालंय का, त्यावर गोल खोल वळ पडलाय का, चिरा आहेत का? मधोमध एक छोटी चकती असते, ती नखानं किंचित ओढली की उघडून परत बसली पाहिजे. गाडी गार होताना बाटलीतलं कूलंट तिच्यातूनच रेडिएटरमध्ये परत येतं. ती अडकली असेल तर रात्रभरात वरचा होज आत ओढला जाऊन चपटा होतो. सकाळी असा चपटा होज दिसला की झाकण बदला. नवीन झाकण त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं झाकण बसवून गाडी तापायची थांबत नाही, उलट जुने होज आणि रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी फुटते.

दाबाचं महत्त्व आकड्यांत सांगायचं तर असं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं साधं पाणी सुमारे 98 अंशांना उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण 106-107 च्या आसपास उकळतं. त्याच मिश्रणावर 1.1 बारचं चांगलं झाकण असेल तर उकळबिंदू 125 च्याही पुढे जातो. साधं पाणी आणि सैल झाकण या जोडीवर सुरक्षिततेचं अंतर जवळजवळ उरतच नाही.

मग टॉर्च घेऊन गळती शोधा. कूलंट सुकलं की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी डाग मागे ठेवतं. होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा जोड, पंपाच्या खालचं बारीक छिद्र आणि पुढच्या सीटपुढचं कार्पेट (हीटरची गळती तिथे उतरते) एवढ्या जागा बघा. पंपाच्या छिद्राखाली ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय. एम-सील लावून ते भागत नाही.

रेडिएटरची बाहेरची बाजू

सोलापूर भागात हे काम सर्वांत आधी करण्यासारखं आहे. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून पाचटाचा भुगा उडतो, उन्हाळ्यात धूळ, पावसाच्या तोंडावर किडे. हे सगळं आधी एसीच्या कंडेन्सरवर (रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर) बसतं आणि त्यातून सुटलेलं कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत अडकतं. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मागे वाळलेल्या गाळाचा पापुद्रा असतो. टॉर्चचा उजेड पंख्याच्या बाजूनं टाका आणि समोरून बघा. उजेड आरपार दिसत नसेल तर हवाही जात नाही.

धुताना पाणी इंजिनच्या बाजूनं पुढच्या दिशेला सोडा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं बाहेर जाईल. साधा बागेचा पाइप पुरे. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की पातळ पत्र्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. गाळ घट्ट असेल तर वरच्या क्लिपा काढून दोन्ही जाळ्या थोड्या वेगळ्या करून घ्याव्या लागतात. पुढे लावलेला भारी बंपर गार्ड, जादा दिवे आणि अपघातानंतर न बसवलेलं पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण यांनीही हवा अडते किंवा भरकटते. ते आवरण फालतू समजून काढून ठेवू नका. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा फिरवत राहतो.

पंखा

इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत पंखा फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग रिले. फ्यूज बॉक्समध्ये त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहणं ही सोपी चाचणी आहे. रिले ठीक असेल तर मोटरच्या कनेक्टरला थेट 12 व्होल्ट देऊन बघा. तरीही फिरत नसेल तर मोटर गेली. पंखा फिरतो पण रडतखडत, असंही होतं. मोटरचे ब्रश झिजलेले असतात. दोन वेगांच्या पंख्यात हळू वेगाचा रेझिस्टर जळतो, मग पंखा उशिरा आणि एकदम मोठ्यानेच सुरू होतो.

नवी मोटर बसवली आणि गाडी अजूनच तापायला लागली, तर वायरी उलट लागल्या असण्याची शक्यता आहे. एक कागद समोरच्या जाळीपाशी धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. बाहेर फेकला जात असेल तर पंखा उलटा फिरतोय. या सगळ्या कामात हात, ओढणी, मफलर पंख्यापासून लांब ठेवा. काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होतो.

बोलेरोसारख्या काही गाड्यांच्या मॉडेलांत पंखा बेल्टवर आणि व्हिस्कस क्लचवर (तापल्यावर पंख्याला घट्ट पकडणाऱ्या जोडावर) चालतो. तिथे इंजिन गरम झाल्यावर बंद करा आणि पंखा हातानं फिरवा. त्याला जाणवण्याजोगा अवरोध हवा. गरम असतानाही तो मोकळा गरगर फिरला तर क्लच गेला.

थर्मोस्टॅट: काढून टाकू नका

‘सोलापूरच्या उन्हात थर्मोस्टॅटची गरजच नाही, काढून टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हायवेवर हवं तेवढं तापत नाही, पेट्रोल-डिझेल जास्त खातं आणि ऑइलमध्ये चिकट गाळ धरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटचं खालचं तोंड बायपासची वाट बंद करतं. तो काढला की ती वाट उघडीच राहते, बरंचसं कूलंट रेडिएटरला टाळून इंजिनातच फिरतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

तपासणी सोपी आहे. गार इंजिन सुरू करा आणि वरच्या होजवर (पंख्यापासून लांब) हात ठेवा. काही मिनिटं तो कोमट राहील आणि थर्मोस्टॅट उघडताच पटकन गरम होईल. स्कॅनरवरचा आकडा शंभरच्या पुढे आणि रेडिएटरकडचा होज अजून गार, तर तो अडकलाय. बाहेर काढल्यावर खात्री करायची असेल तर दोऱ्यानं बांधून पातेल्यातल्या पाण्यात, तळाला न टेकता, लोंबता ठेवा आणि थर्मामीटर लावून पाणी तापवा. त्यावर 82 किंवा 88 असा आकडा ठोकलेला असतो. त्याच्या आसपास चकती हलायला लागते आणि पाणी उकळेपर्यंत ती सात-आठ मिलिमीटर उघडली पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरवर थांबली, तर गावात चालणारी आणि हायवेवर तापणारी गाडी हीच. नवीन बसवताना लहान हलणारी पिन असलेली बाजू वर ठेवा, तिथून हवा निघते. गॅस्केटही नवीनच वापरा.

पंप, होज आणि आतून चोंदलेला रेडिएटर

पंपाला आपल्याकडे वॉटर बॉडी म्हणतात. बेल्ट सैल आहे का बघा, पुली वर-खाली हलवून खेळ आहे का तपासा, घरघर ऐका. आतली पाती गंजून झिजली असतील तर बाहेरून काहीच दिसत नाही. इतर सगळं ठीक असूनही हायवेवर तापत असेल तर पंप काढून पातीच बघावी लागते. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट आणि पंप एकाच वेळी बदला. मजुरी एकदाच लागते.

खालच्या होजकडे सहसा कुणी बघत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून कुणाला तरी अडीच-तीन हजार आरपीएमपर्यंत ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि तो होज बघत राहा. पंपाच्या ओढीनं तो आत दबून चपटा होत असेल तर रबर थकलंय किंवा आतली स्प्रिंग गेलीय. मंद गतीला हा दोष दिसतच नाही, कारण ओढ तेवढी नसते.

रेडिएटर आतून चोंदलाय का हे इन्फ्रारेड थर्मामीटरनं कळतं. गाडी चांगली तापवून, इंजिन बंद करून जाळीवर ओळीनं नेम धरा. कूलंट आत येतं त्या बाजूपासून बाहेर जातं त्या बाजूपर्यंत तापमान हळूहळू उतरायला हवं. मधेच एखादा पट्टा बराच गार असेल तर तिथल्या नळ्या बंद आहेत. जुन्या पितळी रेडिएटरचं रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) होतं. प्लॅस्टिक टाक्यांच्या ॲल्युमिनियम रेडिएटरमध्ये ते नीट जमत नाही, तो बदललेलाच बरा.

या नळ्या बंद कशानं होतात? बहुतेक वेळा वर्षानुवर्षं भरलेल्या बोअरच्या पाण्यानं. घरच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा कडक थर बसतो, तोच इंजिनच्या आत आणि बोटाच्या नखाएवढ्या जाडीच्या नळ्यांमध्ये बसतो. वर गंज वेगळाच. म्हणून टॉपअपलाही बॅटरीचं डिस्टिल्ड पाणीच वापरा.

कूलंट बदलताना

बाटलीवर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर पाणी मिसळू नका. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) असेल तर निम्मं-निम्मं पुरे. सगळंच कॉन्सन्ट्रेट ओतलं तर जास्त फायदा होईल ही समजूत खोटी आहे, कारण ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. हिरवा, गुलाबी, निळा हा फक्त रंग असतो, प्रकार त्यावरून ठरत नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकारच घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका.

1. गार इंजिन, झाकण उघडं, रेडिएटरचा खालचा कॉक उघडून जुनं कूलंट पत्र्याच्या ट्रेमध्ये घ्या. ते गोडसर आणि विषारी असतं. कुत्री-जनावरं चाटतात, म्हणून रस्त्यावर सोडू नका.
2. डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर पूर्ण गरम ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, गार होऊ द्या, मग ते पाणी सोडून द्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा.
3. इंजिनच्या ब्लॉकमध्ये थोडं पाणी नेहमी राहतंच. समजा मॅन्युअलनुसार एकूण क्षमता 5 लिटर आहे आणि तुमच्या ट्रेमध्ये साडेतीनच लिटर आलं. म्हणजे दीड लिटर पाणी आत आहे. अशा वेळी आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट भरा आणि मग उरलेला एक लिटर डिस्टिल्ड पाण्यानं. थेट निम्मं मिश्रण ओतलं तर आत पस्तीस टक्केच कूलंट राहतं.
4. गाडीचं नाक चढावर ठेवा, एअर ब्लीडचा (आतली हवा बाहेर सोडणारा) स्क्रू असेल तर तो उघडा, होज हातानं दाबत सावकाश भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवा, बुडबुडे थांबून पंखा दोनदा सुरू-बंद होईपर्यंत. मगच झाकण लावा.

कूलंट बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी तापली तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. बहुतेक वेळा हवा अडकलेली असते. चौथी पायरी परत करा.

हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा

बाहेर कुठेही थेंब नाही, तरी कूलंट आठवड्याला कमी होतं. गार इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक. बाटलीत सतत बुडबुडे. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, तोही इंजिन तापल्यावर. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस (हा फेस फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडा येतो, एकट्या त्यावरून ठरवू नका). खात्रीसाठी गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्ट मागा: रेडिएटरच्या तोंडातली हवा निळ्या द्रावणातून ओढतात, सिलिंडरमधला वायू मिसळत असेल तर द्रावण पिवळं होतं.

ही खूण पक्की झाली की गाडी चालवू नका, गळती बंद करणारी पावडरही टाकू नका. ती हीटर आणि रेडिएटरच्या नळ्या बुजवते. हेड काढल्यावर ते लेथवाल्याकडे सपाट आहे का तपासून, गरज असेल तर फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट) करून घ्या. फक्त गॅस्केट बदलून वाकलेलं हेड परत बसवलं तर काही महिन्यांत तेच काम पुन्हा निघतं. बोल्टबाबत मॅन्युअल बघा; ताण खाणारे (आवळताना किंचित लांबणारे) बोल्ट असतील तर ते नवीनच लागतात.

दुरुस्तीनंतरची चाचणी

संध्याकाळच्या गारव्यात गल्लीत एक फेरी मारून गाडी ताब्यात घेऊ नका. स्कॅनर लावून दुपारी निघा. आधी दहा मिनिटं उभ्या गाडीत एसी चालू ठेवून पंखा सुरू-बंद होतो का बघा. मग हायवेवर ऐंशी-नव्वदनं अर्धा तास, आणि शेवटी तुळजापूरचा घाट एसीसह तिसऱ्या गिअरमध्ये. आकडा घाटात चार-पाच अंश वर जाऊन सपाटीवर परत उतरला तर काम झालं. उतरायला वेळ लागत असेल, तर तो किती अंशांवर आणि कोणत्या वेगाला अडकतो ते लिहून मेकॅनिकला द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर बाटलीतली पातळी बघा. नवीन कूलंटनंतर पहिल्या प्रवासात ती बोटभर उतरते, ती भरा. तिसऱ्या-चौथ्या सकाळीही उतरत राहिली तर गळती अजून आहे. टॉर्च परत काढा.